चार वस्तू आणि दोन हात



ज्या ध्वनिक्षेपकासमोर बसून मी आपणांशी बोलत आहे, त्याच्या तारेच्या टोकाला एक लहानसा प्लग आहे. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत त्यात तीन टाचण्या बसविलेल्या असतात, प्रत्येक टाचणीच्या मागे एक चिमुकली वाटी असते, आणि त्या वाटीत तार ठेवून तिला डाख दिलेला असतो. आपली मुले त्याला सोल्डर करणे म्हणतात. हे तीन डाख नीट बसले आहेत म्हणून माझा आवाज आपल्यापर्यंत पोचतो आहे. त्यांतला एखादा सैल असता तर मधूनमधून खरखर ऐकू आली असती, आणि आपण तो दोष माझ्या घशाला दिला असता.

परंतु मला आज सोल्डर कसे करावे हे मुख्यतः सांगावयाचे नाही. त्याविषयी पुस्तके पुष्कळ आहेत. मला सांगावयाचे आहे ते त्याच्या आधीच्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाविषयी. तो प्रश्न असा, की हा एवढासा प्लग त्या वेळी धरावयाचा कोणी?

आपण हिशेब करून पाहा. डाख द्यावयाचा म्हणजे चार वस्तू एकाच क्षणी एका जागी याव्या लागतात. एक तापलेले सोल्डरिंग आयर्न. दुसरी सोल्डरची तार, जिला आमच्या भोपाळच्या बाजारात ‘रांगा’ म्हणतात. तिसरी जोडावयाची तार. आणि चौथा तो प्लग. परमेश्वराने माणसाला हात दिले आहेत दोन. आयर्न एका हातात, रांगा दुसऱ्या हातात. मग तार आणि प्लग यांची व्यवस्था काय? ज्याने त्याने या अडचणीतून आपापली वाट काढलेली असते. कोणी प्लग गुडघ्यांत धरतो. कोणी तो टेबलाच्या खणात अडकवून खण पोटाने दाबून धरतो. कोणी रांगा चक्क दातांत धरतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यात शिसे असते हे त्या गृहस्थांना ठाऊकही होते. पण सर्वांत सोपी वाट, जी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ‘जरा धर रे’ म्हणून सांगणे.

ते मूल एके काळी मी होते.

माझे वडील वसई तालुक्यातून नोकरीसाठी भोपाळला आले आणि येथलेच झाले. भोपाळचा वीजयंत्रांचा मोठा कारखाना आपण ऐकून असाल. हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी १९५६ साली स्थापन झाली, पंडित नेहरूंनी कारखान्याचे उद्घाटन १९६० साली केले, आणि १९७४ साली ती कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. त्या कारखान्याच्या आश्रयाने पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा अशा वसाहती वाढल्या. त्यांपैकी एकीत आमचे घर होते. कारखान्यात जी अजस्र जनित्रे तयार होतात त्यांच्या तांब्याच्या जाड पट्ट्या एकमेकींस जोडावयाच्या असतात, तेव्हा त्या आधी शिकंज्यात घट्ट आवळतात आणि मगच तापवितात. तेथे कोणाला ‘जरा धर’ म्हणण्याची सोयच नसते. वडील दिवसभर असले काम पाहत, आणि संध्याकाळी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यांचा नादुरुस्त रेडिओ उघडला की मला हाक मारीत, “ये गं, जरा धर.”

डिसेंबर लागला की नाताळच्या गोठ्यावर सोडावयाची दिव्यांची माळ माळ्यावरून खाली येई. तिचे दोनतीन सांधे दरवर्षी न चुकता तुटलेले असत. मी दोन तारांची टोके दोन हातांच्या चिमटीत धरून उभी राही, वडील आयर्न टेकवीत, आणि तांब्यातून ऊब हळूहळू बोटांकडे चालत येई. “हलू नकोस,” वडील म्हणत. मी हलत नसे. माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा झाला त्या नाताळात वडिलांनी त्याच्या हाती आयर्न दिले. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि तारा धरूनच उभी होते. वडिलांना दोष देण्याचा यात हेतू नाही. त्यांच्या मनात काही भेदभाव होता असेही मला वाटत नाही. मी फार चांगली धरीत असे, एवढाच माझा अपराध. जो चांगले धरतो त्याला कायमचे धरावयास मिळते.

आणि पुढे शिक्षिका झाल्यावर मी स्वतः तेच केले. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गाला मी इअरफोनचा तुटलेला प्लग बदलावयास शिकवीत होते. चारचार मुलांचे गट, प्रत्येक गटास एक आयर्न. साडेतीन मिलिमीटर जाडीचा तो प्लग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या पोटात अगदी जवळजवळ तीन पत्रे असतात, आणि त्यांवर केसासारख्या तारा बसवावयाच्या असतात. एका गटात एक मुलगा आयर्न चालवीत होता आणि एक मुलगी प्लग बोटांत धरून उभी होती. पत्रा तापला, पाठोपाठ सगळा प्लग तापला, तिची बोटे भाजली, आणि तिने तो खाली टाकला नाही. मात्र तिचा हात थरथरला. डाख बिघडला. मुलगा तिच्यावर रागावला. मी तिची बोटे नळाखाली धरली, पाण्याची धार दहा मिनिटे तशीच चालू ठेवली, आणि तिला विचारले, “बेटा, दुखतंय का?” तिने मान हलवली आणि हिंदीत विचारले, “मिस, मेरा नंबर कब आएगा?”

मी गटांकडे पाहिले. चार गट होते. चारही गटांत आयर्न मुलांच्या हाती होते, आणि चारही गटांत प्लग धरून उभ्या होत्या त्या मुली. ही वाटणी मी केलेली नव्हती. पण ती मोडावयास मी काही केलेही नव्हते.

आता तो डाख का बिघडला ते थोडे पाहू, कारण धरण्याचे महत्त्व त्यावाचून ध्यानात येत नाही. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शुद्ध शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असे मिश्रण केले तर ते केवळ १८३ अंशांना वितळते. एवढेच नव्हे, तर निवताना ते नेमक्या त्याच अंशाला एकदम गोठते. प्रमाण थोडे बदलले की हा गुण जातो. ६० भाग कथील व ४० भाग शिसे असेल तर १९० पासून १८३ अंशांपर्यंत, आणि निम्मे-निम्मे असेल तर सुमारे २१५ पासून १८३ अंशांपर्यंत ते मिश्रण ना पातळ, ना घट्ट, अशा ओल्या वाळूसारख्या स्थितीत असते. शिशाचे नळ जोडणाऱ्या जुन्या कारागिरांना हीच स्थिती हवी असे, कारण त्या अवधीत सांधा कापडाने पुसून त्याला आकार देता येई. आम्हांला मात्र ती नको असते. धातूचे कण एकमेकांना धरू लागलेले असतात आणि त्याच घटकेला कोणाचा हात हलला तर ते धरणे तुटते. सांधा वरून जुळलेला दिसतो. आत बारीक भेगा राहतात. आज तो चालतो, आणि चार महिन्यांनी तार हलविल्यावाचून आवाज येत नाही.

लहान डाखाला गोठण्यास दोनतीन सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही. सगळा प्रश्न त्या दोनतीन सेकंदांचा आहे. त्यात पुन्हा युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यामुळे जगभर शिशाविना सोल्डर वापरले जाऊ लागले. त्यात बहुतांश कथील, थोडी चांदी व किंचित तांबे असते, आणि ते २१७ अंशांच्या पुढे वितळते. म्हणजे उष्णता अधिक द्यावी लागते, आणि प्लग धरणाऱ्या बोटांनाही ती अधिक सोसावी लागते. शिशाच्या सोल्डरचा बिघडलेला डाख निस्तेज आणि दाणेदार दिसतो म्हणून ओळखू येई. हे नवे सोल्डर चांगले बसले तरी मुळातच काहीसे निस्तेज दिसते. नुसते डोळ्यांनी पाहून निवाडा करणे त्यामुळे कठीण झाले आहे. तेव्हा सांधा हलणारच नाही अशी तजवीज आधी करणे हेच शहाणपणाचे.

बोटांनी ही तजवीज होत नाही, याचे कारण बोटे आळशी आहेत असे नाही. जिवंत हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. त्यात नाडी चालते, श्वास चालतो. आणि ऊब लागली की तो मागे येऊ पाहतो, यात हाताचा काय दोष?

आपल्या जुन्या कारागिरांना हे उमगलेले होते. सोनार दागिन्याचे दोन तुकडे जोडताना ते बोटांनी धरीत नाही. तो ते लोखंडाच्या बारीक तारेने बांधतो, टाकणखार लावतो, आणि मग फुंकणीने ज्योत वळवितो. तार लोखंडाचीच का, तर तिला सोन्याचा टाका सहजी चिकटत नाही. आमच्या भोपाळच्या जरदोजीचेच पाहा. जुन्या शहरात बटव्यांवर आणि वस्त्रांवर जरीचे काम करणारे कारागीर कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून बसवितात आणि मगच सुई उचलतात. त्यांचा एक हात कापडाच्या वर चालतो, दुसरा खालून धागा देतो. चौकटीने कापड धरले नसते तर त्या दोन हातांपैकी एक धरण्यातच अडकून पडला असता. धरण्याचे काम लाकडाला सांगून माणसाने दोन्ही हात मोकळे करून घेतले.

मग रेडिओदुरुस्तीच्या आणि मोटारीच्या वायरिंगच्या दुकानांत अशी चौकट का आली नाही? माझ्या मते याचे कारण एकच. तेथे धरावयास पोऱ्या होता. तो पैसे फार मागत नसे, आणि त्याला ठेवावयास टेबलावर जागा लागत नसे. आपल्याकडे बालमजुरीविषयीचा कायदा १९८६ साली झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे निषिद्ध ठरले. त्याच दुरुस्तीत घरच्या बिनधोक्याच्या व्यवसायात शाळा सांभाळून मदत करण्यास मुलांना मोकळीक ठेवलेली आहे. म्हणून दुकानातला पोऱ्या बेकायदा झाला तरी ‘ये गं, जरा धर’ हे कायद्यात बसते. मी कायद्याशी भांडत नाही. घरात मुलाने हात लावू नये असे कोण म्हणेल? फक्त ज्या कामाला पन्नास रुपयांचा लाकडी ठोकळा पुरतो त्या कामाला मूल उभे करू नये, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

त्या दिवसानंतर मी आमच्या प्रयोगशाळेसाठी धरण्याची साधने जमविण्याच्या मागे लागले. बाजारात ‘थर्ड हँड’ म्हणून एक तयार साधन मिळते. लोखंडाची जड बैठक, तीवर आडवा दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन क्रोकोडाइल क्लिपा, आणि मध्ये एक भिंग. दिसावयास फार शास्त्रीय दिसते. मला ते विशेष आवडत नाही. स्वस्त जातीच्या साधनाची बैठक पुरेशी जड नसते, त्यामुळे तार ताठ असली की सगळे साधनच कलंडते. सांध्यांचे स्क्रू आठवड्याभरात ढिले होतात. क्लिपेचे दात तारेच्या आवरणात रुततात. आणि मोठी गोम अशी, की क्लिप धातूची असल्याने ती डाखाची उष्णता स्वतः ओढून घेते. मग मुले तक्रार करतात की आयर्न तापत नाही. क्लिपेच्या जबड्यांवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे चढविले तर यांपैकी दोन दोष जातात. भिंगाविषयी एक सूचना मात्र अवश्य करते: खिडकीपाशी ते उघडे ठेवू नये. उन्हाळ्यात त्याने कागद पेटू शकतो. काम संपले की त्यावर फडके टाकावे.

याहून सरस साधन म्हणजे साधा लाकडाचा ठोकळा. सुताराकडे पडलेला सागाचा किंवा शिसवीचा वीतभर लांब, चार बोटे रुंद तुकडा घ्यावा. त्यात ड्रिलने ओळीने भोके पाडावीत: इअरफोनच्या प्लगसाठी साडेतीन मिलिमीटरचे, प्रयोगशाळेतल्या बनाना प्लगसाठी चार मिलिमीटरचे, टेप आणि टीव्हीच्या जुन्या आरसीए प्लगच्या मधल्या खुंटीसाठी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासचे. प्लग भोकात उभा रोवला की तो सैनिकासारखा ताठ उभा राहतो. लाकूड उष्णता ओढून घेत नाही, प्लगला ओरखडा काढत नाही, आणि कलंडत नाही. ठोकळा टेबलाला एका शिकंज्याने आवळून टाकला म्हणजे झाले. या ठोकळ्यापुढे ती भिंगवाली वस्तू मला खेळणे वाटते.

ज्या प्लगांना भोके पुरत नाहीत, म्हणजे ज्यांत टाचण्या पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी सर्वांत चांगला धारक त्यांचाच जोडीदार. नर प्लग असेल तर तो त्याच जातीच्या मादी सॉकेटमध्ये खोचून मग सोल्डर करावा. यात एक मोठा लाभ आहे. टाचण्या प्लॅस्टिकमध्ये बसविलेल्या असतात, आणि डाखाच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक मऊ पडले तर टाचणी तिरकी होऊन बसते. मग प्लग डाखाच्या दृष्टीने उत्तम, पण सॉकेटमध्ये शिरत नाही. जोडीदाराने टाचण्या आपापल्या जागी धरून ठेवल्या, तर प्लॅस्टिक निवल्यावर त्या सरळच राहतात. याकरिता एक जुने, निकामी सॉकेट जपून ठेवावे. चांगले वापरू नये.

तारा धरण्यासाठी कपडे वाळत घालण्याचा लाकडी चिमटा पुरतो. तो फळीवर खिळ्याने ठोकला की झाले. नोज प्लायरच्या मुठीभोवती सायकलच्या ट्यूबचा रबरी पट्टा गुंडाळला तर प्लायरचा जबडा आपोआप मिटलेला राहतो, आणि ती पाच मिनिटांत तयार होणारी पकड होते. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात दात्यांवर अडकून राहणारा चिमटा मिळतो, तोही उत्तम. आणि ज्यांना हवे तसे वळणारे हात पाहिजेत त्यांनी अर्थिंगची आठ नंबरची तांब्याची तार घ्यावी. ती चार मिलिमीटर जाड असते, हाताने वाकविता येते, आणि वाकविल्यावर तशीच राहते. तिच्या एका टोकाला क्लिप बसवून दुसरे टोक ठोकळ्याच्या भोकात घट्ट ठोकावे.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने याहूनही स्वस्त युक्ती काढली. त्याने डब्यातली कणीक आणली आणि प्लग त्या गोळ्यात रोवला. धरण्याचे काम झकास झाले. पण तो गोळा घरी परत नेण्याचा त्याचा विचार होता, हे कळल्यावर मला सगळा वर्ग थांबवून शिशाविषयी बोलावे लागले. आता कणकेऐवजी शाडूची मळलेली माती ठेवतो.

साधन आले की कामाची रीतही बदलते. चार वस्तू एकाच वेळी जुळवाव्या लागतात हे मी आरंभी सांगितले. पण प्लग ठोकळ्याने धरल्यावर ही गणना आणखी सोपी करता येते. आपल्या आजीच्या पितळेच्या पातेल्याला कल्हईवाला आधी कथलाचा पातळ थर देत असे, हे आपणांस आठवत असेल. तसाच थर आधी तारेच्या टोकाला द्यावा, आणि तसेच थोडे सोल्डर प्लगच्या वाटीत वेगळे वितळवून ठेवावे. मग रांगा बाजूला ठेवावा. उजव्या हातात आयर्न, डाव्या हातात तार, आणि प्लग ठोकळ्यात. वाटीतले सोल्डर पुन्हा पातळ झाले की तार आत सोडावी, आयर्न उचलावे, आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत तार हलवू नये. तारेवरचा हातही टेबलाला टेकलेला असावा, आणि शक्य असेल तर तारही चिमट्यात असावी. फुंकर मारू नये. कल्हईवाल्याचा नवसागर मात्र येथे चालत नाही; तो पुढे तारेला खातो. येथे राळच वापरावी, आणि ती बहुधा सोल्डरच्या तारेच्या पोटात भरलेली असते.

या राळेचा जो धूर निघतो तो सुवासिक वाटतो, म्हणून मुले त्यावर वाकतात. तो चांगला नव्हे. वर्षानुवर्षे हुंगणाऱ्या कामगारांना त्याने दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राने नोंदविलेले आहे. १९८४ च्या डिसेंबरनंतर आमच्या शहराला श्वासाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. आणि येथेही धरण्याचा संबंध आहेच. बोटांनी धरलेल्या कामावर मान आपोआप खाली वाकते, नाक धुरात जाते. काम आपल्या जागी स्थिर असले की माणूस ताठ बसून हातभर अंतरावरून पाहू शकतो. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर नेईल असा, आणि शेवटी साबणाने हात धुतल्यावाचून डब्याला हात नाही, हे आमच्या प्रयोगशाळेचे नियम आहेत.

आपल्यापैकी काहींना वाटेल, की सरकार शाळांना इतके साहित्य देत असताना ही बाई लाकडाच्या ठोकळ्याचे काय घेऊन बसली आहे. २०१६ पासून देशातील अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत, आणि त्यांसाठी शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यांत त्रिमितीय छपाईची यंत्रे आहेत, आयर्न आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्याच प्रदेशात याआधीची एक परंपरा आहे, तीही ठाऊक असावी. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांच्या पुढाकाराने, मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे असा एक उपक्रम सुरू झाला. पुढे तो राज्य सरकारने जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत नेला, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. २००२ साली सरकारने तो बंद केला; तो का बंद व्हावा हे मला आजतागायत पटलेले नाही.

त्या उपक्रमात १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून वर्षाची रजा काढून अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण इंजिनिअर आले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. ते पुस्तक ‘एकलव्य’ने छापले आणि पुष्कळ भाषांत गेले. पुढे पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञानशोधिकेत त्यांनी मुलांसाठी शेकडो खेळणी केली. महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे सांगण्याची गरज नाही. क्लिपेच्या जबड्यावर व्हॉल्व्ह ट्यूब चढविण्याचे मला सुचले ते त्यांची ट्यूब डोळ्यांपुढे होती म्हणून. दोन काड्यांना एकत्र धरणारी ती इंचभर रबरी नळी हेसुद्धा धरण्याचेच साधन आहे.

ठोकळे आल्यापासून आमच्या वर्गात गटांची रचना बदलली. चौघांऐवजी आता दोघे बसतात, कारण धरणाऱ्याची जागाच उरलेली नाही. जेवढी आयर्ने तेवढेच एका वेळी काम करणारे. बाकीचे ठोकळ्यांत प्लग रोवून, तारा सोलून, थर देऊन आपला क्रम येण्याची वाट पाहतात. गोंगाट वाढला आहे, हे कबूल करते. भाजल्याच्या तक्रारी अगदी थांबल्या असेही नाही. आयर्नला हात लागतोच. पण दुसऱ्याच्या कामासाठी कोणाची बोटे भाजत नाहीत.

आणि त्या मुलीचे? तिच्या पहिल्या तीन प्लगांपैकी दोन बिघडले. एकात वाटीत सोल्डर इतके भरले होते की दोन पत्रे एकमेकांना चिकटले. दुसऱ्यात आयर्न फार वेळ टेकवल्याने प्लॅस्टिक वितळले. तिसरा चालला. तो कानाला लावून तिने कोणते गाणे ऐकले ते तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. ती आता अकरावीत आहे. गेल्या महिन्यात ती घरातल्या वायफायच्या अडॅप्टरचा तुटलेला प्लग घेऊन प्रयोगशाळेत आली. आमच्या ठोकळ्यात त्या जातीच्या प्लगाचे भोक नव्हते. तिने व्हर्निअरने त्याची नळी मोजली, साडेपाच मिलिमीटर भरली. ड्रिलचे तेवढे पाते आमच्याकडे नाही. सुताराकडे आहे असे तो म्हणतो, आणि शनिवारी ती ठोकळा घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.